विश्लेषण : परभणीतल्या कार्यक्रमांमध्ये 'आधी वाट, मग थाट' का हवे?

कंपन्यांच्या डीलर मीट, बँकांच्या वार्षिक सभा, सत्कार आणि पार्ट्या यांवर जिल्ह्यात आता हात सैल सोडून खर्च होतो. त्यात रोषणाईचा वाटा मोठा असतो. पण हा उजेड नेमका कुणासाठी, याचा विचार क्वचितच होतो.

मे महिन्यातली संध्याकाळ. परभणीच्या वसमत रोडवर किंवा जिंतूर रोडवर एखाद्या मंगल कार्यालयात बियाणे कंपनीची डीलर मीट भरते. स्टेजवर भलीमोठी एलईडी वॉल, दोन्ही बाजूंना गरगर फिरणाऱ्या शार्पी, वर धुराचे लोट. वर्षभर चांगली विक्री केलेला सेलूचा किंवा मानवतचा दुकानदार नाव पुकारल्यावर स्टेजवर जातो, ढाल घेतो, फोटो निघतो. दुसऱ्या दिवशी तो फोटो व्हॉट्सॲपवर येतो, तेव्हा मागची वॉल लखलखत असते आणि सत्कारमूर्तीचा चेहरा काळा पडलेला असतो. त्यातच जेवणाच्या वेळी वीज गेलेली असली, तर जनरेटर सुरू होईपर्यंत ताटे हातात धरून पाचशे माणसे अंधारात उभी राहिलेली असतात.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असे अभिमानाने म्हणणाऱ्या जिल्ह्यात हे चित्र ओळखीचे आहे. पैसा कमी पडला म्हणून असे होत नाही. कार्यक्रमाचे नियोजन उलट्या टोकाने सुरू होते, म्हणून होते.

रोषणाई ही चैन आहे की गरज?

मराठवाड्यात तरी ती गरज आहे, आणि त्याचे कारण ऊन. खरिपाच्या तोंडावर, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, कृषी निविष्ठा कंपन्यांच्या बैठकांचा हंगाम असतो. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा स्थापना दिनही १८ मे, ऐन उन्हाळ्यातला. या दिवसांत परभणीचा पारा ४२-४३ अंशांवर जाणे नवीन नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात, मोकळ्या मैदानात झाला आणि उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. दुपारचा मोठा कार्यक्रम किती महागात पडू शकतो, हे राज्याने तेव्हा पाहिले.

शहाण्या आयोजकाने कार्यक्रम संध्याकाळी सहानंतर नेला पाहिजे. तसा तो नेला की उजेड, वीज आणि जनरेटर हा सजावटीचा भाग राहत नाही. पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह यांच्या पंगतीत तो येऊन बसतो.

मग चूक नेमकी कुठे होते?

कोटेशन मागवताना. 'स्टेज, वॉल, चाळीस पार, आठ शार्पी, साउंड' अशी यादी तयार होते आणि सर्वांत कमी दर देणाऱ्याला काम मिळते. वायर कोणत्या जाडीची, अर्थिंग कुठे, पार्किंगपासून दारापर्यंत दिवे किती, वीज गेल्यावर कोणता दिवा चालू राहणार, यातले काहीच त्या यादीत नसते. दर पाडून काम घेतलेला लाइटवाला बचत करतो ती याच न दिसणाऱ्या गोष्टींत. जुन्या वायरीला चिकटपट्टी गुंडाळून काम भागवले जाते. स्टेज मात्र झगमगते, कारण बिल स्टेज बघून निघते.

याचा पहिला फटका पाहुण्यांच्याही आधी मंडपातल्या पोरांना बसतो. रात्रभर ट्रसवर चढून दिवे बांधणारे, अनवाणी पायांनी ओल्या जमिनीवर वायर ओढणारे कामगार हे कोटेशनच्या कोणत्याच ओळीत नसतात.

विजेचे गणित आयोजकाला कळायला हवे का?

बेरीज-गुणाकाराइतके कळले तरी पुरे. पूर्वीचा एक हॅलोजन पार एक हजार वॉटचा असे. चाळीस लावले की ४० किलोवॉट भार. आजचा एलईडी पार साधारण १५० वॉटचा. चाळीस लावले तरी ६ किलोवॉट. दिव्यांचा भार इतका घटल्यामुळे 'आता विजेची काय चिंता' असे वाटू लागते.

पण बाकीचा भार वाढला आहे. आठ शार्पी सुमारे ३ किलोवॉट, मध्यम आकाराची वॉल ५-६ किलोवॉट, साउंड ५, स्वयंपाकघर, पंप आणि हॉलचे दिवे मिळून ५, आणि दोन टनी दहा एसी असतील तर आणखी २२ किलोवॉट. एकूण बेरीज ४७ च्या आसपास. कार्यालयाचा जनरेटर ६२.५ केव्हीएचा असेल तर तो ५० किलोवॉटच देतो, कारण केव्हीएला ०.८ ने गुणावे लागते. कागदावर तो पुरतो. प्रत्यक्षात सगळे एसी एकदम सुरू झाले की तो मान टाकतो. किमान वीस-पंचवीस टक्के जागा शिल्लक हवी. म्हणजे इथे ८२.५ केव्हीएचा संच लागेल, नाहीतर एसी टप्प्याटप्प्याने सुरू करावे लागतील.

दोन गोष्टी आणखी. एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला नाही. माणसाला शॉकपासून वाचवायला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी लागतो. काही हजारांत येणारे हे उपकरण लाखांच्या कार्यक्रमात नसणे हा निव्वळ निष्काळजीपणा आहे. दुसरे म्हणजे, मैदानावर कार्यक्रम असेल तर महावितरणची तात्पुरती जोडणी रीतसर घ्यावी. खांबावर आकडा टाकणे ही विद्युत कायदा २००३ च्या कलम १३५ नुसार वीजचोरी आहे. शिवाय आकड्याला ना फ्यूज असतो, ना अर्थिंग.

वीज गेल्यावर काही दिवे लगेच का लागत नाहीत?

मैदानावरचे जुने मेटल हॅलाइड दिवे एकदा विझले की तापलेले असताना लगेच पेटत नाहीत. ते निवायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. जनरेटर अर्ध्या मिनिटात सुरू झाला तरी मैदान काळोखातच राहते. एलईडी मात्र वीज येताच लागतो. जिना, दार आणि स्वयंपाकघर इथे बॅटरीवर चालणारे दिवे ठेवले तर मधला अर्धा मिनिटही अंधार होत नाही. गर्दी बिथरायला तेवढा वेळ पुरतो, म्हणून हा खर्च टाळण्याजोगा नाही.

फोटोत चेहरा काळा का येतो?

कारण सगळा उजेड मागून येतो. वॉल पूर्ण ताकदीवर ठेवली की कॅमेरा तिच्याकडे बघून स्वतःला सावरतो आणि पुढचा माणूस सावली होऊन जातो. उपाय साधा आहे. बंद हॉलमध्ये वॉलची प्रखरता निम्म्याहून खाली आणावी आणि स्टेजच्या समोर, डावीकडून व उजवीकडून, थोड्या उंचीवरून चेहऱ्यावर पांढरा-पिवळसर उजेड टाकावा. जांभळे, हिरवे रंग पडद्यावर शोभतात. चेहऱ्यावर आणि जेवणाच्या ताटावर ते पडू नयेत. हिरव्या उजेडात वरणही शिळे दिसते.

जेवणाच्या आणि गप्पांच्या जागी तीन हजार केल्विनच्या आसपासचा उबदार उजेड असावा. लोक आठवण ठेवतात ती तिथली. वर्षातून एकदा भेटणारे गंगाखेडचे आणि पाथरीचे व्यापारी एकमेकांशी बोलतात ते स्टेजसमोर नव्हे, पंगतीत आणि चहाच्या टेबलाशी. कंपनीला नाती जोडायची असतील तर चार पैसे तिथल्या उजेडावर जावेत.

पावसाळ्यात किड्यांचे काय?

याचे उत्तर परभणीच्या शेतकऱ्याला आयोजकापेक्षा आधी ठाऊक आहे. शेतात तो प्रकाश सापळा लावतो. उजेडाकडे किडे झेपावतात आणि खालच्या भांड्यात पडतात. ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या कार्यक्रमांत ताटांवर प्रखर पांढरा दिवा टांगणे म्हणजे पाहुण्यांच्या डोक्यावर प्रकाश सापळा लावणे. निळसर-पांढऱ्या उजेडाकडे किडे जास्त येतात, पिवळसर उजेडाकडे कमी. म्हणून जेवणाच्या जागी पिवळा उजेड ठेवावा आणि प्रखर पांढरा दिवा मुद्दाम वीस-पंचवीस पावले दूर लावावा. दुकानदाराला सापळे विकणाऱ्या कंपनीने स्वतःच्या मेजवानीत हे विसरू नये.

लेझर, आतषबाजी आणि डीजे यांना मर्यादा कोणत्या?

लेझरचा झोत डोळ्यात गेला तर दृष्टिपटलाला कायमची इजा होऊ शकते. गणेशोत्सवाच्या मिरवणुकांनंतर अशा इजांच्या तक्रारी आल्या आणि पुण्यासह काही ठिकाणी पोलिसांनी मिरवणुकांत लेझरवर बंदी घातली. बंद हॉलमध्ये, खुर्च्यांच्या उंचीवर लेझर फिरवणे तर टाळलेच पाहिजे. हॉलमध्ये उडवल्या जाणाऱ्या 'कोल्ड पायरो'च्या नावातला 'कोल्ड' फसवा आहे. छताला कापड आणि थर्माकोल असेल तर ठिणगी पुरेशी असते.

ध्वनीबाबत २००० चे नियम स्पष्ट आहेत. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. संध्याकाळचा कार्यक्रम ठरवताना भाषणे दोन तास लांबणार हे गृहीत धरून वेळापत्रक आखले, तर दहाला पोलिसांशी हुज्जत घालावी लागत नाही.

'वाट' इतकी महत्त्वाची का?

याचे उत्तर दोन दुर्घटनांत आहे. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातल्या डबवाली इथे शाळेचे स्नेहसंमेलन मंगल कार्यालयाच्या मंडपात सुरू होते. आग लागली, कृत्रिम धाग्याचे कापड क्षणात पेटले, बाहेर पडायला पुरेशी वाट नव्हती. काही मिनिटांत चारशेहून अधिक माणसे गेली, त्यात बहुतेक मुले आणि महिला. १० एप्रिल २००६ रोजी मेरठच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनाचा मंडप जळाला आणि ६५ जणांचा मृत्यू झाला. तो व्यावसायिक कार्यक्रमच होता, कंपन्यांचे स्टॉल असलेला.

दोन्हीकडे वरचे कापड आणि बाहेर पडायच्या वाटा हेच कळीचे मुद्दे ठरले. परभणीतल्या मंडपातही झालर, कापड, कृत्रिम फुले आणि गरम दिवे एकमेकांना खेटून असतात. मागचे दार खुर्च्यांच्या थप्पीने बंद असते किंवा स्वयंपाकाच्या सामानाने.

जबाबदारी कुणाची?

'सगळे ठेकेदाराला दिले होते' हे उत्तर चालत नाही. मेरठच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जबाबदारी आयोजकांवर ६० टक्के आणि राज्य सरकारवर ४० टक्के अशी कायम ठेवली. काम ठेकेदाराकडे सोपवले होते ही आयोजकांची सबब २०२२ च्या निकालात न्यायालयाने स्वीकारली नाही. महाराष्ट्रातही आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ नुसार जागेचा मालक किंवा वापरकर्ता यांच्यावर जबाबदारी येते.

जिल्ह्यात मोठी गर्दी सांभाळण्याचा अनुभव आहे. हजरत तुराबुल हक यांच्या उरुसात दरवर्षी लाखोंचा राबता असतो आणि अनेक रात्री दुकाने, पाळणे, दिवे यांनी परिसर उजळतो. तिथे यंत्रणांचे लक्ष असते. पाचशे माणसांच्या खासगी कार्यक्रमाकडे मात्र अपघात होईपर्यंत कुणाचे लक्ष जात नाही. ही फट आयोजकांनी स्वतः बुजवावी लागेल.

काय करता येईल?

नियोजनाचा क्रम उलटा करावा. आयोजकाने आधी पाहुण्याच्या पायांनी जागा फिरून बघावी : गाडी कुठे लागेल, अंधारात पाय कुठे अडखळेल, वायर कुठे आडवी येते, दुसरे दार कुठे आहे आणि ते उघडते का. मग चेहरे आणि ताटे दिसतील एवढा उजेड. मग वीज आणि जनरेटरची बेरीज. शेवटी जे पैसे उरतील त्यात वॉल, शार्पी आणि हौस.

कंपन्यांनी कामाच्या आदेशात चार ओळी वाढवाव्यात : वायरिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून, आरसीसीबी आणि ट्रसला अर्थिंग, बॅटरीवरचे दिवे, दोन मोकळी दारे. त्यासाठी दर थोडा वाढला तर तो द्यावा. मंगल कार्यालयांनी आपला मंजूर वीजभार आणि जनरेटरची क्षमता दर्शनी भागात फलकावर लिहावी. पंगतीत किती माणसे बसतात हे तर ते अभिमानाने सांगतातच. महापालिका आणि नगरपालिकांनी परवानगी देताना एवढे तरी तपासावे. आणि कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी, पाहुणे यायच्या आधी, एकदा मुख्य स्विच मुद्दाम बंद करून बघावा. अंधारात काय दिसते, यावरून नियोजन किती पक्के आहे ते कळते.

झगमगाटाला विरोध करण्याचे कारण नाही. वर्षभर उधारी, पाऊस आणि भाव यांच्याशी झुंजणाऱ्या माणसाला एक संध्याकाळ मानाची मिळावी, ही अपेक्षा रास्तच आहे. पण त्या मानाची खूण म्हणजे स्वच्छ दिसणारा त्याचा चेहरा, गरम जेवण आणि रात्री साडेदहाला पालमच्या किंवा सोनपेठच्या वाटेला लागताना सुखरूप सापडलेली त्याची गाडी. एवढे जमले तर फिरत्या दिव्यांची संख्या कुणी मोजत बसणार नाही.