लादीवरचा संसार

उत्तर ध्रुव म्हटला की मराठी माणसाला आधी लोकमान्य टिळक आठवावेत हे साहजिकच आहे. १९०३ साली त्यांनी ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि ऋग्वेदातली ती लांबच लांब चालणारी पहाट ध्रुवाजवळचीच असली पाहिजे, असे प्रतिपादन केले. त्यांचे हे अनुमान आजचे विद्वान मानीत नाहीत. पण पुण्यात बसून ध्रुवाकडे लागलेली ती नजर काही सामान्य नव्हे. टिळकांपाशी सूक्ते होती, मोजपट्टी नव्हती. मोजपट्टी घेऊन जी माणसे तिकडे गेली, त्यांच्याविषयी यंदा लिहावे असे बरेच दिवस मनात होते. एरवी या सदराला आठवड्याचे एक पान मिळते. दिवाळीत जरा मांडी घालून बसता येते.

मोजावयाचे म्हटले तरी तेथे पहिली अडचण जागेची. दक्षिण ध्रुवाखाली भूमी आहे. उत्तरेला नुसता समुद्र, आणि त्याच्या अंगावर बर्फाचे पांघरूण. तेही स्थिर नाही; वारा आणि प्रवाह नेतील तिकडे ते जाते. आज जेथे उष्णतामापक लावावा, तेथून तो महिन्याभरात कोठल्या कोठे गेलेला असतो. मग अशा फिरत्या गावचे हवामान लिहावयाचे कसे?

या प्रश्नाचे उत्तर एका बुडालेल्या जहाजाने दिले. ‘जॅनेट’ नावाचे अमेरिकन जहाज १८८१ साली सैबेरियाच्या उत्तरेस बर्फात चिरडून बुडाले. तीन वर्षांनी त्यातल्या काही वस्तू ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यापाशी, बर्फावर बसून आलेल्या सापडल्या. त्यांत एक तेलकापडाची विजारही होती. फ्रिट्योफ नान्सेन या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने मनाशी म्हटले, जी वाट विजारीला सापडली ती जहाजाला का सापडू नये? बर्फाने दाबले तर चिरडण्याऐवजी वर उचलले जावे, अशा गोलसर पोटाचे ‘फ्राम’ नावाचे जहाज त्याने बांधवून घेतले आणि १८९३ साली ते आपण होऊन बर्फात अडकवून घेतले. जवळजवळ तीन वर्षांनी, १८९६ च्या ऑगस्टात, ते स्वालबार बेटांच्या उत्तरेला सुखरूप बाहेर पडले. जहाज ध्रुवावर काही गेले नाही. पण ध्रुवाभोवतीचा समुद्र उथळ नसून अतिशय खोल आहे, आणि बर्फ वाऱ्याच्या सरळ रेषेत न जाता तिच्या उजवीकडे सरकते, हे जगाला कळले.

नान्सेनला निदान जहाजाच्या भिंती होत्या. १९३७ च्या मे महिन्यात रशियाने चार माणसे आणि एक कुत्रा विमानाने ध्रुवाजवळ नेऊन सुमारे तीन मीटर जाडीच्या बर्फाच्या एका लादीवर उतरविले. इव्हान पापानिन हा प्रमुख, आणि स्वयंपाकघरही त्याच्याचकडे. क्रेंकेल बिनतारी यंत्रावर, शिर्शोव समुद्राच्या पाण्यावर, आणि सर्वांत तरुण फ्योदोरोव तारे, चुंबकसुई आणि हवा यांवर. कुत्र्याचे नाव होते ‘व्येस्योली’, म्हणजे आनंदी. त्याच वर्षी मॉस्कोत माणसे रातोरात नाहीशी होत होती. राजधानीपेक्षा ही लादी अधिक सुरक्षित होती की काय, असे कधीकधी माझ्या मनात येते.

ही मंडळी करीत काय होती? हाताने फिरवावयाच्या रहाटावरून तार सोडीत होती, आणि तळ लागावयाचा तो चार किलोमीटरांच्याही खाली. मग ती सगळी तार पुन्हा हातानेच गुंडाळावयाची. खालच्या पाण्याचे नमुने काढावयाचे, त्याची उष्णता लिहून ठेवावयाची. वरच्या गोठलेल्या थंड थराखाली अटलांटिकमधून आलेले, शून्याच्या किंचित वरचे पाणी असते, ते ध्रुवापाशीही आहे हे अशाच कष्टांतून सिद्ध झाले. क्रेंकेल वेळच्या वेळी हवामान कळवीत होता. आणि लादी चालली होती ग्रीनलंडच्या रोखाने, अपेक्षेपेक्षा अधिक वेगाने. १९३८ च्या १ फेब्रुवारीला वादळात ती फुटली. कोठीघर एका तुकड्यावर, तंबू दुसऱ्यावर. कित्येक किलोमीटर पसरलेली जमीन बघता बघता एखाद्या अंगणाएवढी झाली. अंधारात, त्या अंगणावरूनही हवेचे आकडे जात होते! १९ फेब्रुवारीला, २७४ दिवसांनी, दोन बर्फफोडी जहाजांनी त्यांना उचलले.

पुढे हा शिरस्ताच पडला. १९५४ पासून १९९१ पर्यंत रशियाचे एक ना एक ठाणे बर्फावर सतत तरंगत राहिले. एकंदर एकतीस ठाणी झाली. त्यांतले बाविसावे, जाड हिमबेटावर वसलेले, १९७३ पासून १९८२ पर्यंत टिकले. जवळजवळ नऊ वर्षे!

याच काळात बर्फाच्या खालूनही कोणी मोजीत होते, पण त्यांचा हेतू निराळा होता. ‘नॉटिलस’ ही अमेरिकन अणुपाणबुडी १९५८ च्या ऑगस्टात ध्रुवाखालून गेली. तिच्यामागून गेलेल्या पाणबुड्यांना वर येण्याजोगे पातळ बर्फ कोठे आहे हे पाहणे भाग होते, म्हणून डोक्यावरच्या बर्फाची जाडी यंत्रे टिपीत असत. ती टिपणे अर्थातच गुप्त. शीतयुद्ध ओसरल्यावर ती हळूहळू बाहेर आली. १९५८ ते १९७६ मधल्या नोंदी १९९० च्या दशकातल्या नोंदींशी ताडून पाहिल्या, तेव्हा पाण्याखालची सरासरी जाडी ३.१ मीटरवरून १.८ मीटरवर आलेली दिसली. परस्परांवर क्षेपणास्त्रे रोखून बसलेल्यांनी नकळत हवामानशास्त्राचे केवढे काम करून ठेवले होते पाहा.

क्षेत्रफळ मात्र १९७९ पासून उपग्रह अखंड मोजीत आहेत. उन्हाळा सरताना, सप्टेंबरात, बर्फ सर्वांत कमी असते. १९८० साली ते सत्तर लाख चौरस किलोमीटरांहून अधिक होते, म्हणजे आपले दोन भारत मावून वर उरतील इतके. २०१२ च्या सप्टेंबरात सुमारे चौतीस लाख उरले. एका भारतापुरते. कारण समजावयाला विद्यापीठात जावे लागत नाही. पांढरे बर्फ ऊन परतवते, उघडे काळे पाणी ते पिते. मे महिन्यात काळा कोट घालून उन्हात उभे राहिलेल्या कोणाही वकिलाला हे ठाऊक आहे. तापलेले पाणी आणखी बर्फ खाते. १९७९ नंतर तो प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेला हिशेब सांगतो.

आता मोजणाऱ्यांचीच पंचाईत झाली आहे. २००३ साली रशियाने तरंगती ठाणी पुन्हा सुरू केली. २०१२ च्या ऑक्टोबरात चाळिसावे वसविले, आणि २०१३ च्या मे महिन्यात लादी फुटू लागल्यामुळे ते रिकामे करण्याचा हुकूम द्यावा लागला. नऊ वर्षे टिकणारी वस्ती आता नऊ महिनेही टिकेना! शेवटी बर्फावर घरे बांधण्याचा नाद सोडून, स्वतःच बर्फात राहू शकेल असे एक जहाज त्यांनी बांधले आणि २०२२ साली एकेचाळिसावे ठाणे त्याच्यावर थाटले. म्हणजे फिरून नान्सेनच.

आपलेही एक बिऱ्हाड त्या बाजूला आहे. स्वालबारमधल्या नी-ओलेसुंद या गावी २००८ साली भारताने ‘हिमाद्री’ हे केंद्र उघडले. त्याचा कारभार गोव्यात, वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून चालतो. गाव मूळचे कोळशाच्या खाणीचे. १९६२ च्या स्फोटात एकवीस कामगार गेले आणि खाण बंद पडली. आज तेथे शास्त्रज्ञच राहतात. ज्या तहामुळे आपल्याला तेथे पाऊल ठेवता येते, तो १९२० साली पॅरिसला झाला. त्यात हिंदुस्थानही आहे, अर्थात ब्रिटिश साम्राज्याच्या पदराखाली. लोकमान्य गेले ते त्याच वर्षी. गावासमोरच्या खाडीत आपण २०१४ साली यंत्रांची एक माळ पाण्यात सोडली. ती वर्षभर पाण्याची उष्णता आणि खारटपणा टिपते. ही खाडी पूर्वी हिवाळ्यात गोठत असे. २००६ पासून बहुतेक हिवाळ्यांत ती मोकळीच राहते.

२०१९ साली जर्मनीचे ‘पोलारस्टेर्न’ हे जहाज नान्सेनच्या वाटेने बर्फात अडकून राहावयास निघाले. वीस देशांची माणसे त्यात सामील झाली. लंगर टाकण्याजोगी जाड लादीच त्यांना लवकर मिळेना. ती हुडकण्याच्या कामी जे रशियन जहाज मदतीला गेले, त्याचे नाव ‘अकादेमिक फ्योदोरोव’. पापानिनच्या तंबूतला तो तरुण पोरगा, त्याचेच हे नाव. शोधून काढलेली लादी पुढच्या जुलैअखेर फुटली. पण तोवर कित्येक महिन्यांचे आकडे हाती आले होते.

त्यानंतर दीड वर्षातच, २०२२ च्या फेब्रुवारीत, युक्रेनचे युद्ध पेटले. युरोप-अमेरिकेच्या संस्थांनी रशियाशी देवघेव थांबविली, आणि आर्क्टिकच्या भूमीचा जवळजवळ निम्मा भाग बाकीच्यांच्या वहीत कोरा राहू लागला. रशियन केंद्रे वगळली तर जमिनीचे चित्र किती बिघडते, याचा हिशेब काही शास्त्रज्ञांनी २०२४ च्या जानेवारीत मांडला. काही बाबतींत ती चूक, या शतकाअखेर जेवढा बदल अपेक्षित आहे, जवळजवळ तेवढीच भरते! सैबेरियाची गोठलेली माती काही युद्ध संपण्याची वाट पाहत नाही. ती मऊ होत आहे. आणि तिच्यात रोवलेल्या उष्णतामापकांवरचे आकडे पलीकडची माणसे लिहून घेत असतील, तरी ते अलीकडच्या मेजावर येत नाहीत.