दोन सूर्योदयांचं विमान

दिवाळीच्या सुट्टीत धाकट्या बहिणीचा मुलगा आमच्याकडं मुक्कामाला आला होता. वय वर्षं पंधरा. जेवणाच्या ताटातही मोबाइल. एका रात्री तो अंथरुणातून उठून माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "मामा, एक खरं सांग. लढाईच्या काळात विमानं खरंच दुसऱ्या काळात जायची?"

"कोणी सांगितलं तुला?"

"पिक्चरमध्ये दाखवलंय."

पिक्चर बघितला आणि मला हसू फुटलं. 'स्काय पायरेट्स'! कोपऱ्यावरच्या व्हिडिओ लायब्ररीतून दिवसाला दहा रुपये भाड्यानं आणलेल्या कॅसेटवर मी तो कधीकाळी पाहिला होता. मुखपृष्ठावर विमान, आग, दगडी चेहरे आणि चामडी जाकिटातला हिरो. आत काय असेल ते कॅसेट लावेपर्यंत कळत नसे. लावल्यावरही फारसं कळलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

हा चित्रपट ऑस्ट्रेलियाचा, १९८६ सालचा. गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटाची. हॅरिस नावाचा धाडसी वैमानिक एका गुप्त कामगिरीवर विमान घेऊन निघतो. विमानात एक धर्मगुरू आहे, एक खलनायक आहे आणि अद्भुत शक्तीच्या एका शिळेचा तुकडाही आहे. प्रशांत महासागरावर विमान भलत्याच चक्रात सापडतं, काळाची घडी विस्कटते आणि विमान समुद्रात कोसळतं. हॅरिसवर लष्करी खटला चालतो. मग तो निसटतो आणि धर्मगुरूच्या मुलीला घेऊन शिळेचे उरलेले तुकडे शोधत थेट ईस्टर बेटावर पोचतो. तिथल्या अवाढव्य दगडी पुतळ्यांचं नातं परग्रहाशी जोडलेलं आहे, हे चाणाक्ष वाचकांनी ओळखलं असेलच.

मंडळी मात्र ऐरीगैरी नव्हती. दिग्दर्शक कॉलिन एगलस्टन. त्यानं १९७८ साली 'लाँग वीकेंड' हा चांगला भयपट दिला होता. त्याचा नायक जॉन हारग्रीव्ह्ज हाच इथं हॅरिस झाला. हा नट म्हणजे खरं नाणं. १९८४च्या 'माय फर्स्ट वाइफ'साठी त्याला ऑस्ट्रेलियातला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला होता. संगीत 'मॅड मॅक्स'वाल्या ब्रायन मे यांचं. एवढं असूनही पिक्चर गल्ल्यावर आपटला.

का आपटला? त्याची कुंडली तपासली की उत्तर मिळतं. १९८१ साली ऑस्ट्रेलियन सरकारनं चित्रपटात पैसा घालणाऱ्यांना करात घसघशीत सवलत दिली. शंभर डॉलर घाला, दीडशे डॉलरची वजावट घ्या. मग काय विचारता! डॉक्टर, वकील, दंतवैद्य सगळेच निर्माते झाले. पुढं ही सवलत कमी कमी होत गेली, पण तोवर पिक्चरांचं पीक आलं होतं. त्यात चांगलं होतं तसं तणही होतं. त्याच १९८१ साली अमेरिकेत इंडियाना जोन्स अवतरला होता. हॅट, चाबूक, पुराणवस्तू, पाठलाग. त्याचा दुसरा भाग १९८४ साली आला. आपले अमरीश पुरी ज्यात 'मोगँबो'च्या आधीच काळजं काढत होते, तोच. मग जगभरच्या निर्मात्यांना वाटलं, आपणही असा एक जोन्स काढू. चाबकाच्या जागी विमान दिलं की झालं! आपल्याकडच्या कित्येक निर्मात्यांनी तेव्हा याहून वेगळं काय केलं?

गंमत म्हणजे त्याच १९८६ साली ऑस्ट्रेलियानं दुसरा एक पिक्चर काढला. त्याचा नायक जंगलातला, भाषा अस्सल मातीतली. 'क्रोकोडाइल डंडी'. त्यानं जगभरात ३२ कोटी डॉलरहून जास्त धंदा केला. नक्कल आपटली, अस्सल चाललं.

पण वाचकहो, मला आज नक्कल-अस्सलची गोष्ट सांगायची नाही. भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. मी त्याला म्हटलं, "विमान दुसऱ्या काळात गेलं नाही. पण त्याच लढाईत, त्याच ऑस्ट्रेलियातून एक विमान उडायचं. त्यातल्या प्रवाशांना एकाच प्रवासात दोनदा सूर्योदय दिसायचा."

भाच्यानं मोबाइल खाली ठेवला. घरात ही ऐतिहासिक घटना होती.

तर ऐका. युद्धाआधी ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला जाणारी विमानं पाण्यावर उतरायची. 'उडती बोट'च ती. सिडनीहून सिंगापूर, रंगून, कलकत्ता, अलाहाबाद, ग्वाल्हेर, कराची असे टप्पे घेत ती पुढं जात. ग्वाल्हेरच्या आपल्या वाचकांना ठाऊक नसेल, पण त्यांच्या गावाजवळच्या तलावात अशी विमानं उतरत असत. १५ फेब्रुवारी १९४२ला सिंगापूर जपानच्या हाती पडलं आणि हा रस्ता तुटला. मार्चमध्ये अंदमानही गेलं. एप्रिलमध्ये कोलंबोवर बाँब पडले. ऑस्ट्रेलियाची टपाल, कागदपत्रं आणि माणसं इंग्लंडला पोचवायची कशी?

क्वांटास या विमान कंपनीनं ठरवलं, मधले सगळे टप्पे गाळायचे. पर्थहून उडायचं ते थेट सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला उतरायचं. तिथं गॉलजवळ कोग्गला नावाचं सरोवर आहे. अंतर साडेपाच हजार किलोमीटरहून अधिक. खाली नुसता हिंदी महासागर. वाटेत थांबायला जागा नाही, शेजारच्या आकाशात जपानी विमानं.

यासाठी पाच कॅटालिना विमानं मिळाली. तीही पाण्यावर उतरणारी. वेग ताशी जेमतेम दोनशे किलोमीटर. आजची आगगाडी त्यांच्या पुढं जाईल! एवढ्या लांब जायचं तर इंधन हवं, म्हणून आत जादा टाक्या बसवल्या. वजन कमी करायचं तर काय काढायचं? बंदुका काढल्या. अंगावर बर्फ साचू नये म्हणून असलेली यंत्रणा काढली. निघताना विमान इतकं जड असे, की पहिले कित्येक तास दोनांपैकी एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या एकावर ते हवेत राहूच शकलं नसतं. प्रवासी किती? फार तर तीन. सामान म्हणजे सत्तरएक किलो टपाल. त्यातली पत्रं मायक्रोफिल्मवर उतरवलेली. कुणाच्या तरी आईचं पत्र नखाएवढं होऊन समुद्र ओलांडत होतं.

रेडिओवर बोलायचं नाही, शत्रूला सुगावा लागेल. मग रस्ता कसा कळणार? तर ताऱ्यांवरून! आपले दर्यावर्दी जसे जात, तसं. हातात सेक्स्टंट, समोर नकाशा, वर आभाळ. म्हणून त्या पाच विमानांना नावंही ताऱ्यांचीच दिली होती. अल्टेअर, व्हेगा, रायगेल, अँटारेस, स्पायका. परकी वाटतात? पंचांग उघडा. अल्टेअर म्हणजे आपला श्रवण. व्हेगा म्हणजे अभिजित. अँटारेस ज्येष्ठा, स्पायका चित्रा, आणि रायगेल म्हणजे मृग नक्षत्रातला राजन्य. आजी अंगणात बोट करून दाखवायची, तेच तारे ही विमानं हाकत होते.

वेळही हिशेबानं ठरवलेली. जपान्यांच्या टापूजवळून जायचं ते रात्रीच्या अंधारात. पहाटे निघाल्यावर एक सूर्योदय दिसे. मग अख्खा दिवस, अख्खी रात्र. आणि अजून विमान हवेतच असताना दुसरा सूर्योदय. प्रवास साधारण २८ तासांचा. समोरून वारा लागला तर त्याहून जास्त. एकदा तर ३२ तास ९ मिनिटं लागली. चोवीस तासांहून अधिक हवेत काढलेल्या प्रवाशाला उतरल्यावर एक प्रमाणपत्र मिळे, 'सिक्रेट ऑर्डर ऑफ द डबल सनराइज'. दोनदा सूर्योदय पाहिलेल्यांचं गुप्त मंडळ! जिवावरच्या प्रवासातही कुणाला तरी थट्टा सुचली होती, हे मला त्या प्रमाणपत्राहून मोलाचं वाटतं.

जून १९४३ला सुरू झालेल्या या सेवेनं जुलै १९४५पर्यंत २७१ वेळा महासागर ओलांडला. शेकडो माणसं नेली-आणली. आणि त्यातलं एकही विमान पडलं नाही. एकही नाही. पुढं मोठी लिबरेटर विमानंही आली, मार्ग कराचीपर्यंत वाढला. लिबरेटर वेगवान. त्यात दुसरा सूर्योदय दिसेना, कारण त्याआधीच मुक्काम यायचा. प्रगतीची हीच एक खोड आहे.

"मग ती विमानं आता कुठं आहेत? म्युझियममध्ये?" भाच्यानं विचारलं.

समुद्रात. अमेरिकेनं ती युद्धकाळातल्या उसनवारीच्या करारानं दिली होती. युद्ध संपल्यावर पैसे भरा, परत करा नाही तर नष्ट करा, अशी अट होती. म्हणून ज्यांनी कधी माणसं बुडवली नाहीत, तीच विमानं ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ, बहुतांश पर्थसमोरच्या रॉटनेस्ट बेटानजीक, मुद्दाम बुडवली गेली. श्रवण, अभिजित, चित्रा समुद्रतळाशी गेले. नाव तेवढं उरलं. क्वांटासनं सिडनीहून लंडनला विनाथांबा जाण्याची जी योजना २०१७ साली जाहीर केली, तिला या उड्डाणांच्या आठवणीनं 'प्रोजेक्ट सनराइज' म्हटलं.

आता सांगा, एवढी गोष्ट घरात असताना पिक्चरवाल्यांना परग्रहावरची शिळा का लागली?

आणि ते ईस्टर बेटावरचे पुतळे? तिथंही तसंच. बेटाचं तिथल्या माणसांचं नाव रापा नुई. डच लोक १७२२ साली ईस्टरच्या दिवशी तिथं पोचले म्हणून ते 'ईस्टर' झालं. सुमारे नऊशे पुतळे आहेत. बहुतेक सगळे रानो राराकू नावाच्या ज्वालामुखीच्या दगडातून घडवलेले. त्या खाणीत अर्धवट कोरलेले कित्येक पुतळे आजही आडवे पडलेले आहेत. परग्रहवासी काम अर्धवट टाकून पळाले, असं थोडंच आहे? कारागिरांचं काम थांबलं, ते थांबलं. तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले, 'पुतळे चालत गेले.' पाहुणे हसत. मग २०१२ साली संशोधकांनी पाच टनांचा नकली पुतळा उभा केला, तीन दोर बांधले आणि फक्त अठरा माणसांनी तो डोलवत-डोलवत खरोखर चालवून दाखवला! घरातलं कपाट आपण असंच एकेक कोपरा पुढं सरकवत नेतो की नाही?

भाचा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, वेरूळचं कैलास लेणंपण परग्रहवाल्यांनी केलंय, असा एक व्हिडिओ आहे. लाखो लोकांनी बघितलाय."

मला हवं होतं तिथंच गाडी आली. लहानपणी डॅनिकेनची पुस्तकं आम्हीही रात्र-रात्र वाचली. मजा येते, नाही कशाला म्हणू? पण त्या मजेची किंमत कुणी मोजली? आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, डोंगराच्या माथ्यावरून खाली असं ते देऊळ छिन्नी-हातोड्यानं कोरलं गेलं. ज्यांनी कोरलं, त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. मजुरी केवढी मिळाली तेही ठाऊक नाही. त्यांच्यापाशी उरलं होतं एकच, श्रेय. तेही आपण मोबाइलवर बोट फिरवून दुसऱ्या ग्रहाला दान करतो! आणि एक पाहिलंत? लंडनचा घंटाघर परग्रहवाल्यांनी बांधला असं कुणी म्हणत नाही. शंका येते ती रापा नुईच्या, वेरूळच्या, इजिप्तच्या माणसांवर. सावळ्या हातांना एवढं जमेलच कसं, हा त्या शंकेतला खरा प्रश्न असतो.

म्हणून 'स्काय पायरेट्स' बघू नका, असं मी म्हणणार नाही. विमानं छान आहेत, हारग्रीव्ह्ज देखणा आहे, पॉपकॉर्न संपेपर्यंत करमणूक होते. हा गुणी नट १९९६ साली वयाच्या अवघ्या पन्नाशीत गेला. विशेष म्हणजे ज्या १९८६ साली हा पिक्चर पडला, त्याच साली 'माल्कम' नावाच्या साध्यासुध्या विनोदी चित्रपटातल्या भूमिकेनं त्याला पुन्हा पुरस्कार मिळवून दिला. त्या पिक्चरला ना परग्रह लागला, ना जादूची शिळा.

दुसऱ्या दिवशी पहाटे खुडबुड ऐकू आली म्हणून उठलो. भाचा गच्चीत उभा. उजाडायला अजून अवकाश होता.

"काय रे, झोप नाही आली?"

"मामा, अभिजित कुठला ते दाखव ना."

या दिवसांत अभिजित संध्याकाळी पश्चिमेला दिसतो, पहाटे नाही. मी तसं सांगितलं. पठ्ठ्या हिरमुसला नाही. म्हणाला, "मग संध्याकाळी. आत्ता सूर्योदय तरी बघू. एकच का असेना."