आजीची बेल का वाजली नाही?

आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी तिच्यासाठी बिनतारी बेल बनवली. बटण तिच्या उशाशी, रिसीव्हर स्वयंपाकघरात. कॉलेजच्या लॅबमध्ये हीच बेल व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकावरूनही वाजली होती. मार्कही चांगले मिळाले. घरी मात्र एका रात्री आजी बटण दाबत राहिली आणि बेल वाजलीच नाही. शेवटी ती एकटीच उठली आणि पडता पडता वाचली.

दोष शोधायला चार दिवस गेले. लॅबमध्ये रिसीव्हर बॅटरीवर होता. घरी मी अ‍ॅडॉप्टर लावला आणि व्होल्टेज उतरवायला बक कन्व्हर्टर बसवला, तोही अँटेनाला खेटून! असा कन्व्हर्टर सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो. प्रत्येक झटक्यातून शेकडो मेगाहर्ट्झपर्यंतचा गोंगाट उठतो आणि माझी बेल ४३३ मेगाहर्ट्झवरची. कानाशी ढोल वाजत असताना आजीची हाक कुणाला ऐकू येणार?

हे फक्त नवशिक्यांचंच होतं असं नाही. यूएसबी ३.० चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शिरतो आणि जवळचा वायरलेस माऊस अडखळतो, हे खुद्द इंटेलने २०१२ मध्ये लिहून मांडलं होतं.

आपण मात्र या गोंगाटाचा विचार अगदी शेवटी करतो. बोर्ड तयार झाला, की मग फेराइटचे मणी घाला, फॉइल गुंडाळा. माझं मत असं, की हा विचार बोर्डाच्या पहिल्या रेघेपासून हवा. अँटेनाची जागा आधी ठरवा, कन्व्हर्टर तिच्यापासून लांब ठेवा. त्याचा इनपुट कपॅसिटर चिपच्या पायांना चिकटून बसवा, म्हणजे झटक्याच्या प्रवाहाचा फेरा लहान राहतो. खालचा ग्राउंडचा थर सलग ठेवा. सुरुवातीला याला जवळजवळ काहीच खर्च नाही. नंतर सुचलं तर सगळा बोर्ड नवा.

आणि ‘टेबलावर चालला, की प्रोजेक्ट पास’ ही आपली रीतही बदलायला हवी. ज्या अ‍ॅडॉप्टरवर, ज्या डब्यात वस्तू वापरायची, त्यातच ती तपासा. सर म्हणतील, वेळ कुठे आहे? पण बेल किती लांबून वाजते हे बघायला महागडं यंत्र लागत नाही. दहा मिनिटं आणि चालायला दोन पाय पुरतात.

मी बोर्ड नव्याने केला. आता बेल दर वेळी वाजते. आजी मात्र अजून उशाशी स्टीलचा तांब्या आणि चमचा ठेवते. तिला काय बोलणार?