शंभर टक्के हजेरी आणि घरातलं तान्हं बाळ



आज पाठाबद्दल नाही, हजेरीबद्दल लिहितो आहे. विषय तुम्हाला किरकोळ वाटेल. मलाही वाटायचा. दरवर्षी शंभर टक्के उपस्थिती असलेल्या मुलांना टाळ्यांच्या गजरात वही-पेन देणारा मीच. नाक गळत असताना, खोकत खोकत शाळेत आलेल्या पोराची पाठ थोपटणाराही मीच. ते बक्षीस आपण बंद करावं, असं आता माझं स्पष्ट मत झालं आहे. का, ते सांगतो.

आपल्या मेडशीला कोरोना विसरणं तसं अवघड आहे. एप्रिल २०२० च्या सुरुवातीला वाशिम जिल्ह्यातला पहिला रुग्ण आपल्याच गावात सापडला आणि गाव सील झालं. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये रिसोड तालुक्यातल्या देगावच्या निवासी शाळेत २२९ विद्यार्थी पॉझिटिव्ह निघाले. त्यातल्या बहुतेकांना फारसा त्रास झाला नाही. मग आपण सगळ्यांनीच एक निष्कर्ष काढला, 'लेकरांना काही होत नाही.' शाळकरी मुलांपुरता आणि कोरोनापुरता तो बराचसा खरा होता. पण तोच आपण सगळ्या सर्दी-खोकल्यांना लावून टाकला, आणि शाळेच्या वयाच्या खालच्या लेकरांनाही लावला. तिथे गडबड झाली.

कोरोनाच्या काळात शाळा बंद, बाजार बंद, तोंडाला मास्क. त्यामुळे कोरोनाबरोबर सर्दीचे इतर विषाणूही फिरायचे थांबले. त्यात आरएसव्ही नावाचा एक विषाणू आहे. १९५६ मध्ये तो पहिल्यांदा चिंपांझींमध्ये सापडला आणि लगेच पुढे माणसांच्या लेकरांतही. दोन वर्षांच्या आत जवळजवळ प्रत्येक बाळाला तो एकदा तरी गाठतो. २०२० मध्ये न्यूझीलंडमध्ये तो जवळपास दिसलाच नाही. २०२१ च्या हिवाळ्यात, म्हणजे आपल्या जून-जुलैत, असा परतला की तिथल्या रुग्णालयांतले लहान मुलांचे वॉर्ड भरून गेले. अमेरिकेत २०२२ च्या शेवटी तेच झालं. आपल्याकडे २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोलकात्यात ॲडेनोव्हायरसने मुलांचे अतिदक्षता विभाग भरले, मुलं दगावलीही. जानेवारी २०२५ मध्ये एचएमपीव्हीचं नाव घराघरात पोचलं. नागपुरातल्या दोन मुलांची बातमी आली, पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर 'शाळा बंद होणार का?' सुरू झालं. त्या दोन मुलांना भरतीसुद्धा करावं लागलं नव्हतं, आणि तो विषाणूही नवा नव्हे, २००१ मध्ये नेदरलँड्समध्ये ओळखला गेलेला. आठवडाभर घाबरलो आणि मग विसरून गेलो. घाबरायचं तेव्हा जास्त घाबरतो आणि रोजची काळजी घ्यायची तेव्हा घेत नाही, अशी आपली तऱ्हा.

या लाटांचं एक कारण फ्रान्समधल्या बालरोगतज्ज्ञांनी २०२१ मध्ये मांडलं. त्याला त्यांनी प्रतिकारशक्तीचं कर्ज असं नाव दिलं. दोन वर्षं विषाणूंशी गाठच पडली नाही, आयांच्या अंगातून बाळाला मिळणारं संरक्षणही कमी पडलं, म्हणून नंतर एकदम जास्त मुलं आजारी पडली, असा त्याचा अर्थ. पण हा शब्द लोकांच्या तोंडी बसला आणि त्याचा अर्थ भलताच झाला. 'मुलांना आजारी पडू द्या, त्यानेच ती घट्ट होतात.' हे मी शिक्षकांच्या तोंडूनही ऐकलं आहे.

इथे जरा थांबू या. तोच आरएसव्ही आपल्या तिसरीतल्या पोराला झाला तर चार दिवस नाक गळतं आणि पोरगं पाचव्या दिवशी मैदानात असतं. सहा आठवड्यांच्या बाळाला झाला तर त्याच्या सुईएवढ्या श्वासनलिका सुजतात, चिकट स्रावाने बंद होतात, बाळ दूध ओढता ओढता दमतं आणि सोडून देतं. विषाणू एकच, वय वेगळं. २०१९ या एका वर्षात जगभरात पाच वर्षांखालच्या सुमारे ३६ लाख मुलांना आरएसव्हीमुळे रुग्णालयात ठेवावं लागलं आणि सुमारे १ लाख मुलं गेली, असा अंदाज २०२२ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये छापून आला. गेलेल्यांपैकी जवळपास निम्मी सहा महिन्यांच्या आतली, आणि बहुतेक सगळी आपल्यासारख्या गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली. तेव्हा गाठ पडायची ती पडेलच, पण सहाव्या आठवड्याऐवजी दुसऱ्या वर्षी पडली तर बाळाचा फायदाच आहे. उशीर म्हणजेच बचाव. कर्जाची भाषा करायची तर हे कर्ज काढतं कोण आणि फेडतं कोण, तेही बघा. शाळेत विषाणू घेतो मोठा भाऊ, आणि सलाईन लागते धाकटीला.

आता आपला वर्ग डोळ्यांसमोर आणा. पाऊस सुरू झाला की खिडक्या लावलेल्या, एका सतरंजीवर पाच-सहा जण, एकाच बाटलीने पाणी. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे पहिली घंटा आणि सर्दीचा हंगाम जोडीनेच येतात. वर्गातल्या तीस मुलांपैकी किती जणांच्या घरी तान्हं लेकरू आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? मला माहीत नव्हतं. विचारलं तेव्हा अर्ध्या मिनिटात हात वर झाले, कारण बाळाबद्दल सांगायला मुलांना भारी आवडतं.

तुमच्यातल्या काही पालकांचं म्हणणं मला आत्ताच ऐकू येतंय. "सर, नुसती सर्दी हाय. घरी ठिऊन काय करू? शाळेत खिचडी तरी खाईन." हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत आईची एक दिवसाची मजुरी बुडणं म्हणजे काय, हे पगार घेणाऱ्या माझ्यासारख्याने शिकवू नये. शिवाय खोकणाऱ्या पोराला घरी ठेवलं की ते दिवसभर त्या बाळाजवळच राहणार, हाही मुद्दा बरोबर आहे. मी त्यावर बराच विचार केला. घरी ठेवल्याने तुमच्या घरातला धोका फार कमी होत नाही, पण इतर घरांतला होतो. तुमच्या घरातला कमी करायचा तर मोठ्याला बाळाच्या शेजारी झोपवू नका, त्याने बाळाचे मुके घेऊ नयेत, साबणाने हात धुतल्याशिवाय बाळाला उचलू नये. बाळ चुलीपाशी ठेवू नका. पऱ्हाटी-तुराटीचा धूर सर्दीवाल्या बाळाला निमोनियाकडे ढकलतो. आणि ताप असेल, जोराचा खोकला असेल, तेवढे दोन-तीन दिवस घरी. साध्या गळत्या नाकाला मी शाळा बुडवायला सांगत नाही. तसं केलं तर जुलै ते डिसेंबर वर्गच भरणार नाही.

शाळा पुन्हा बंद कराव्यात असंही मी म्हणत नाही, कोणी म्हणालं तर विरोधच करीन. ग्रामीण भागातले पाचवीच्या पुढचे वर्ग ऑक्टोबर २०२१ मध्ये आणि पहिली ते चौथी डिसेंबर २०२१ मध्ये उघडले. त्या दीड-पावणेदोन वर्षांत वाचन विसरलेली मुलं आपण सगळ्यांनीच सांभाळली आहेत. म्हणूनच तर म्हणतो, आजारी पोराने तीन दिवस घरी राहणं हा शाळा चालू ठेवण्याचा मार्ग आहे.

आणि नियमही आपल्या आड येत नाही. दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींसाठी १९९२ पासूनची रोज १ रुपया उपस्थिती भत्त्याची योजना आठवते? तिचीही अट ७५ टक्के हजेरीची होती. शंभर टक्क्यांचा हट्ट शासनाचा नव्हता, तो आपला. 'आजारी असूनही आला' हे कौतुक आपणच शिकवलं.

दुसरी गोष्ट निमोनिया ओळखण्याची, आणि ती डॉक्टरांपुरती नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच कार्यकर्त्यांना आणि दायांना लेकराचे श्वास मोजायला शिकवलं. ज्यांना अंक येत नव्हते त्यांच्यासाठी एक साधन केलं, एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या रांगा. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, लाल मण्याशी पोचलं की निमोनिया. औषध गावातच. १९९० मध्ये त्यांनी 'द लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापले, त्या गावांत निमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत निम्म्याहून कमी होते. अक्षरओळख नसलेल्या दाईला जे जमलं ते डी.एड. झालेल्या आपल्याला जमू नये?

आकडे असे आहेत. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना अंगावरचं झबलं वर करून पूर्ण एक मिनिट पोट वर-खाली होताना मोजायचं. दोन महिन्यांच्या आतलं असेल तर ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे लगेच आरोग्य केंद्र. बरगड्यांखालची छाती आत ओढली जात असेल, बाळ दूध पीत नसेल, सुस्त पडलं असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर 'सकाळी बघू' नाही. १०८ ला फोन करा, आणि मालेगावला किंवा थेट वाशिम-अकोल्याला न्यायची तयारी ठेवा. पोट उडतंय म्हणून डागणी देणारे अजूनही विदर्भात आहेत, त्यांच्या नादी लागून तास घालवू नका. सहावा आठवडा, चौदावा आठवडा आणि नववा महिना, या तीन वेळा पीसीव्हीची मोफत लस असते. ती आरएसव्हीला अडवत नाही, पण न्यूमोकोकस या जिवाणूच्या निमोनियाला अडवते. कार्ड काढून बघा, तीनही शिक्के आहेत का.

मी यंदा चौथीच्या गणितात 'वेळेचं मापन' घेताना हेच घेतलं. आधी मुलांनी एकमेकांचे श्वास एका मिनिटात मोजले, हसून हसून आकडे चुकले, पुन्हा मोजले. मग घरी बाळ असलेल्यांना काम दिलं, ते झोपलं की आईसोबत मोजून वहीत लिहून आणा, वय आणि आकडा. दुसऱ्या दिवशी आलेले आकडे आम्ही फळ्यावर वयाप्रमाणे मांडले. वहीच्या शेवटच्या पानावर मुलांनी आशाताईंचा नंबर लिहून घेतला आहे. हजेरीचं बक्षीस यंदा नाही, त्याच पैशांत वर्गाबाहेर हात धुवायला साबण ठेवतो. तुमच्या वर्गात हा पाठ घेतलात तर कसा झाला ते कळवा.