झाकणाखालची खोली कोण मोजणार?



नालेसफाईच्या या आठवड्यातील बातम्यांतही गाळाचे टन आणि कामाचे टक्केच वाचायला मिळाले. डॉ. दीपक अमरापूरकर २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईत प्रभादेवीजवळ उघड्या मॅनहोलमध्ये पडून मरण पावले, तेव्हापासून सारी चर्चा झाकणे आणि जाळ्यांभोवतीच फिरते आहे. झाकणाखाली पाइपचा तळ किती खोल आहे आणि पुढच्या चेंबरात तो आणखी किती खाली गेला, हे कुणी विचारत नाही. बंदिस्त गटारांची कामे आता गावोगाव निघतात, म्हणून आमच्या खर्डी परिसरालाही हा प्रश्न लागू आहे. सहा इंची पाइपला साधारण १५० ला १ असा उतार धरला, तर ३० मीटर अंतरावरच्या दोन चेंबरांत फरक पडतो अवघा २० सेंटिमीटरचा. खोली मोजताना एका टोकाला १० सेंटिमीटर चुकले तर निम्मा उतार गेला, दुसऱ्या टोकाला उलट बाजूने तेवढेच चुकले तर पाइप आडवाच बसला. अशा पाइपात पाणी रेंगाळते, गाळ बसतो आणि पहिल्याच पावसात घाण रस्त्यावर येते.

जमिनीलाच उतार असताना एवढे मोजायचे कशाला, असे विचारले जाते. पण रस्त्यावर काँक्रीटचा नवा थर पडला की झाकण वर उचलले जाते आणि झाकणापासून मोजलेली जुनी खोली निकामी ठरते. म्हणून खोलीबरोबर झाकणाची पातळीही एखाद्या पक्क्या खुणेशी जोडून घेतली पाहिजे. गावात यंत्रे कुठून आणायची, हा दुसरा आक्षेप. घराच्या पायाची पातळी धरायला प्रत्येक मिस्त्री पाण्याची पारदर्शक नळी वापरतो, तीच इथेही चालते. खोलीसाठी खाली काटकोनात पाय असलेली, आकडे कोरलेली दांडी पुरते. तिचा पाय पाइपच्या तोंडात तळाला टेकवायचा आणि झाकणाच्या कडेशी आकडा वाचायचा. वजन बांधलेली टेप गाळात रुतते किंवा चेंबरच्या तळावर जाऊन बसते, आणि पाइपचा तळ तिथेच असतो असे नाही. लेझर तर साचलेल्या पाण्यावर आणि फेसावर फसतो. मोबाइलमधल्या जीपीएसने उंची घेऊ म्हणणाऱ्यांनी ती काही मीटरने चुकते आणि आपला सारा हिशेब २० सेंटिमीटरचा आहे, हे ध्यानात घ्यावे.

काही जण म्हणतील, खेड्याला शोषखड्डे पुरेत. जिथे मुरूम आहे तिथे ते जरूर करावेत. पण आपल्याकडे मातीचा थर बऱ्याच ठिकाणी पातळ आणि खाली काळा कातळ, तिथे पाणी मुरणार कसे? आणि कातळ लागला की चर उथळ ठेवण्याचा मोह ठेकेदाराला होतोच. खोदाईचे बिल घनमीटरवर निघते, खोली वाढेल तसा दरही वाढतो. म्हणजे ज्या आकड्यावर पैसे दिले जातात, तोच आकडा चर बुजवल्यावर कुणाला दिसत नाही! ग्रामसभेने तो चर उघडा असतानाच का पाहू नये?

मोजणीसाठीही कुणाला चेंबरात उतरवता कामा नये. धोकादायक गटारसफाईला माणूस लावण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे आणि गटारातील मृत्यूसाठी किमान ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ ला सांगितले. आतला विषारी वायू सफाईला उतरलेला आणि मापे घ्यायला उतरलेला यांत फरक करत नाही. दांडी वरूनच सोडता येते.

तानसा आणि भातसा आमच्याच शहापूर तालुक्यात. त्यांचे पाणी मुंबईला जाते आणि इथल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. त्या धरणांकडे जाणाऱ्या ओढ्यांत तुंबलेल्या गटारांचे पाणी मिसळू लागले, तर त्याचा जाब मुंबईकरांनीही विचारला पाहिजे. तूर्त मागणी एवढीच: प्रत्येक चेंबरच्या झाकणाची पातळी आणि पाइपच्या तळाची खोली चर बुजवण्याआधी गावासमोर मोजावी, मोजमाप पुस्तिकेतील त्या पानाची प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी आणि तोवर ठेकेदाराचे अंतिम बिल काढू नये.

– एक वाचक, खर्डी (ता. शहापूर, जि. ठाणे)