प्रेरणा टिकत नाही? मग सोडा ती भाषा!

हल्ली आमच्या बेलापुरातली पोरंसुद्धा फोनवर एकदम तीन-तीन भाषा शिकतात. जर्मन, जपानी, स्पॅनिश. महिन्याभरात उत्साह संपतो आणि विचारतात, "सर, मोटिव्हेशन कसं टिकवायचं?" त्यावर उपाय विकणारेही भरपूर. सलग दिवसांची मोजदाद, गुण, बक्षिसं! मंडळी, माझं स्पष्ट मत आहे, ही सगळी वरवरची मलमपट्टी.

धर्मानंद कोसंबी बघा. गोव्यातल्या साखवाळचा माणूस, शाळा जेमतेम. 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात बुद्धाबद्दल वाचलं आणि ध्यास घेतला. घरदार सोडून पुणे आणि काशी इथे संस्कृत शिकले. काशीत अन्नछत्रात जेवून दिवस काढले. १९०२ मध्ये सिलोन गाठून पाली शिकले. १९१० मध्ये पालीच्याच कामासाठी हार्वर्डला गेले. तिथे समाजवादाची ओढ लागली, तेव्हा रशियन शिकले. १९२९ मध्ये लेनिनग्राडला पाली शिकवायला गेले. त्यांना बक्षिसं कोण देत होतं?

भाषा अनेक झाल्या, पण एकापाठोपाठ एक, आणि प्रत्येकीमागे काहीतरी हवं होतं म्हणून.

कोणी म्हणेल, आम्हाला नोकरी हवी आहे. उत्तम! तीही गरजच. मग जर्मनीला जायचंय तर जर्मनच शिका, जपानी कशाला?

आधी त्या भाषेतलं एक पुस्तक, एक माणूस किंवा एक काम ठरवा. ठरत नसेल तर खुशाल सोडा. त्यात लाज कसली? गरज नसताना प्रेरणा शोधणं म्हणजे भूक नसताना लोणचं मागणं.

पटत नसेल तर जरूर भांडा.