हूक जाड, गाडी तीच

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन धोरण आणल्यापासून फिरत्या घराची हौस मुंबई-पुण्यात उघडपणे बोलली जाते. त्या हौशी मंडळींचा एक लाडका बेत असा. महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरायचा, पोलादपूरला महामार्गालगत घर उभं करायचं आणि मागून ओढत आणलेल्या जीपने तानाजी मालुसऱ्यांच्या उमरठला जायचं, कारण आतला रस्ता अरुंद. आधी मागे अल्टो बांधायचा विचार होता. आता थार हवी. मग जास्त वजन ओढायला उपाय काय, तर म्हणे घरामागचा हूक बदला. जाड प्लेट मारा, मोठा गोळा बसवा, काम झालं.

या मताला मी निखालस मूर्खपणा म्हणणार नाही. हूक तुटतो, हे खरं आहे. पातळ पट्टीवर घाईने मारलेलं वेल्डिंग खड्ड्याच्या एका दणक्यात सुटतं. अल्टो साधारण पाऊण टनाची, थार पावणेदोन टनांच्या आसपास. पाऊण टनासाठी बसवलेल्या हुकाला पावणेदोन टन लावणं गैर, एवढ्यापुरतं प्रतिपक्षाचं म्हणणं मान्य. पण त्यातून काढलेला निष्कर्ष चूक आहे. हूक ही ओढण्याच्या साखळीतली एक कडी. बोल्ट, चासी, मागचा अ‍ॅक्सल, पाटे, टायर, क्लच आणि सगळ्यात शेवटी ब्रेक, या प्रत्येकाची आपापली मर्यादा असते आणि त्यांतली सर्वांत लहान मर्यादा हीच त्या गाडीची ओढण्याची क्षमता. उमरठच्या पोरालाही कड्यावर दोर नेणाऱ्या यशवंती घोरपडीची कथा ठाऊक असते. इतिहासकार ती मानत नाहीत, ते सोडा. पण कथेतसुद्धा भरवसा घोरपडीच्या पकडीवर आहे, दोराच्या जाडीवर नाही.

अमेरिकेत, जिथे मोटरहोमच्या मागे मोटार ओढणं रोजचं आहे, तिथे हुकांचे वर्ग ठरलेले असतात. तिसऱ्या वर्गाचा हूक साधारणतः ८,००० पौंडांपर्यंत, चौथ्याचा १०,००० पर्यंत. पण तिथला जाणकार आधी हुकावरचा आकडा वाचत नाही. घर आणि मागची गाडी मिळून एकूण किती वजन चालेल, हा कंपनीने दिलेला आकडा तो आधी बघतो. शिवाय अनेक मोटरहोमची मागची चासी मूळची नसते. घर लांब करण्यासाठी मूळ चासीला मागे तुकडा जोडलेला असतो आणि हूक त्या तुकड्याला लटकतो. तिथे दहा हजारी हूक लावला तरी सांधा पूर्वीचाच राहतो. पातळ हूक निदान वाकून, तडकून इशारा देतो. तो काढून दणकट बसवला की ताण पुढे सरकतो आणि तडा चासीत जातो. तिथे तो कोणाला दिसत नाही.

आता थोडं गणित, कारण या वादात सगळे अंदाजाने बोलतात. थार ट्रेलरवर चढवून आणावी लागते, का ते पुढे सांगतो; तो ट्रेलर अर्ध्या टनाचा धरला तर थारसह सव्वादोन टन. ट्रेलर सरळ चालावा म्हणून त्याच्या वजनाचा सुमारे दहावा हिस्सा हुकावर टेकवावा लागतो, म्हणजे २२५ किलो. पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमध्ये चार मीटर अंतर आणि हूक मागच्या अ‍ॅक्सलपासून दोन मीटर मागे, अशी गाडी घेऊ. हुकावर २२५ किलो पडले की मागच्या अ‍ॅक्सलवर सुमारे ३३७ किलो वाढतात आणि पुढच्या अ‍ॅक्सलवरून ११२ किलो उचलले जातात. ज्या चाकांनी वळायचं तीच हलकी होतात आणि तीही आंबेनळीच्या वळणांवर! घरातली पाण्याची टाकी, बॅटऱ्या, स्वयंपाकाचं सामान हे सगळं आधीच मागे बसलेलं असतं, ते वेगळंच. हूक जाड केल्याने हे आकडे कमी होत नाहीत. नवा हूक आणखी मागे निघाला असेल तर वाढतात.

यावर ठरलेलं उत्तर येतं: इंजिनात दम आहे, चढाला सहज ओढते. ओढत असेल. पण आपण घाट उतरतो आहोत. महाबळेश्वर ते पोलादपूर हा उतार उंचीने सुमारे १,२५० मीटर. चार टनांचं एकटं घर उतरताना जेवढी ऊर्जा सोडतं, तिच्यात दीडशे लिटर पाणी उकळीला येईल. मागे सव्वादोन टन लावले की पाणी २४० लिटरांच्या घरात जातं. ही सगळी उष्णता ब्रेकवर येत नाही. खालच्या गिअरमध्ये इंजिन बरीच पेलतं, थोडी हवा खाते. पण ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर उरलेला सगळा भार घराच्या ब्रेकवर. लायनर जळल्याचा वास येऊ लागतो, पेडल आत जातं आणि गाडी थांबत नाही. चढाला इंजिन कमी पडलं तर गाडी फार तर अडून राहते. उताराला ब्रेक कमी पडले तर अडून राहण्याचा पर्यायच नसतो.

'उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढतात, त्यांना कोण विचारतं?' हा दाखला तर प्रत्येक गॅरेजात ऐकू येतो. ते ट्रॅक्टर पंधरा-वीसच्या वेगाने, बहुतेक सपाटीवर चालतात. वेग वीसवरून साठवर गेला की थांबवायची ऊर्जा तिप्पट नाही, नऊपट होते. चढावर ट्रॅक्टरचं तोंड उचललं जातं तेव्हा जे घडतं, ते वर सांगितलेल्या ११२ किलोंचंच मोठं रूप. ते धोक्यात चालतात म्हणून आपणही चालावं, हा युक्तिवाद झाला का?

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण बहुतेकांना त्यातली मुख्य गोष्टच माहीत नसते. आपल्याकडच्या वाहन चालवण्याच्या नियमांत बंद पडलेलं किंवा पुरतं न जोडलेलं वाहन, नोंदणी झालेला ट्रेलर आणि साइडकार एवढंच ओढायला मुभा आहे. चालू जीप दांड्याला बांधून चारही चाकांवर मागे आणण्याची अमेरिकी रीत इथे बसत नाही. ट्रेलर घ्यावा लागेल, त्याला स्वतःचा नोंदणी क्रमांक लागेल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत फेरफार करू देत नाही आणि जादा वजनाला २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये आहे.

शिवाय कोणी घर आणि ट्रेलर थेट उमरठपर्यंत न्यायचं म्हटलं तर? अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली की कोणाला तरी मागे यावं लागतं. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग एका बाजूला फिरवलं की ट्रेलर दुसऱ्या बाजूला जातो. हे ज्याला जमत नाही, त्याने एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी असताना ते शिकू नये. बेताप्रमाणे ट्रेलर पोलादपूरलाच ठेवला, तरी तिथपर्यंत यायला आंबेनळी उतरलेलीच असते.

मग हूक कधीच बदलू नये का? बदलावा. साखळीत खरोखर तोच सर्वांत कमजोर असेल तेव्हा. गाडीची कंपनी दोन टन ओढायला परवानगी देते आणि लावलेला हूक एक टनाचा आहे, अशा वेळी तो बदलायलाच हवा. पण तो बोल्टने मूळ चासीला धरलेला असावा, त्यावर मर्यादेचा आकडा कोरलेला असावा. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत, सुटलाच तर धरून ठेवणाऱ्या दोन साखळ्या हव्यात आणि मागचे दिवे चालू हवेत. खर्च करायचाच तर तो पहिल्यांदा ट्रेलरच्या ब्रेकवर करा, हुकाची जाडी नंतर बघू. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये या, मागच्याने हॉर्न वाजवला म्हणून वेग वाढवू नका.

ज्यांना उमरठला तानाजींच्या समाधीवर डोकं टेकवायचं आहे, त्यांच्यासाठी याहून सोपा मार्ग आहे. घरातल्या दुसऱ्या चालकाने जीप वेगळी चालवत आणावी. दुसरा चालक नसेल तर पोलादपुरात मिनीडोर किंवा जीप भाड्याने मिळते, त्यातून चार पैसे गावातल्या माणसाला मिळतात आणि रस्ता त्याला आपल्यापेक्षा चांगला ठाऊक असतो. तरीही हूक बदलायचं नक्की असेल तर वेल्डिंगच्या दुकानात जाण्याआधी गाडीच्या कंपनीकडून एकच आकडा लेखी मागा: मागे ब्रेक असलेला ट्रेलर किती किलोपर्यंत ओढता येईल? तो कागद हातात पडेपर्यंत थार तिच्या स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या ब्रेकवर घाट उतरू द्या.